आंबूस पोह्यांची बशी

पूर्वी माणसांना साधी अक्कल होती, आता ती राहिली नाही, असं माझ्या वयाच्या बायका जमल्या की म्हणतात. मीही म्हणते. म्हणायला कारणं आहेत. माझी सून दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचते आणि दूध मोरीत ओतून देते. पिशवी फोडून एकदा नाकाशी धरावी हे तिला सुचत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्यानं नागोठण्याजवळ गाडी पाण्यात घातली. अंबा नदीचं पाणी रस्त्यावर चढलेलं काचेतून दिसत होतं, कडेची माणसं हात करून ओरडत होती, पण फोनमधली बाई सरळ जा म्हणाली म्हणून हा सरळ गेला. आता याला काय म्हणायचं, कपाळ? पण हे सगळं बोलून झालं, बायका आपापल्या घरी गेल्या, की मला माझाच संशय येतो. आमच्या वेळी अक्कल होती, होती म्हणतो, म्हणजे नेमकं काय होतं? आमच्या घरापुरतं सांगायचं तर संशय होता. तो मात्र पोत्यानं होता, आणि त्यालाच आम्ही शहाणपण म्हणायचो.

पेणला आमची पोह्यांची भट्टी होती. पुढं भट्टी, मागं घर, मधे एक अंगण आणि त्यात म्हैस. भात भिजत घालायचं, निथळायचं, तापलेल्या वाळूत कढईत परतायचं आणि यंत्राखाली चपटं करायचं, असा तो धंदा. सकाळी उठल्यापासून कढईतली तडतड आणि यंत्राची धडधड कानावर असायची. ती थांबली की आम्ही दचकायचो, काय झालं म्हणून. घरात सगळी बोलायचीही मोठ्यानं. दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे टाकीतल्या भिजलेल्या भाताची मूठ काढून हुंगायचे. थोडं जास्त भिजलं तरी पोह्यांना आंबूस वास लागतो, आणि तो फोडणीनं जात नाही की उन्हानं जात नाही. दादांचं नाक कधी चुकलं नाही. त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांनाच हुंगायची खोड लागली. आई मेथीची जुडी हुंगून घ्यायची, वालाचं बिरडं करायचं तर मोड आलेले वाल हुंगायची, सुकट तर हुंगायचीच. आणि आक्का, दादांची थोरली बहीण, ती माणसंच हुंगायची. आक्काचं सासर मुंबईचं, पण मला कळायला लागल्यापासून ती आमच्याकडेच होती आणि घर तिच्या हुकुमावर चालायचं.

आक्काचा कोणावर विश्वास नव्हता. शेजारीण उसनी नेलेली साखर परत द्यायला आली आणि वाटी शिगोशीग भरून आणली, तर आक्का म्हणायची, “जास्त का दिली? काहीतरी काम काढणार ही.” आणि खरोखर ती शेजारीण चार दिवसांनी काम काढायची, मग आक्का आमच्याकडे बघून नुसत्या भुवया उडवायची. डॉक्टर गोड बोलला की औषध महाग असणार. पाहुणा लवकर निघाला की कुठंतरी आमची निंदा करायला चाललाय. कोणी रस्त्यात हसून “काय आक्का, बरी हाय ना?” विचारलं, तर ती घरी येऊन आईला सांगायची, “ह्याला मी आजारी हाय असं कोणी सांगितलं?” आम्ही हसायचो, पण तिचंच ऐकून मोठ्या झालो. मी अजूनही दारावरची बेल वाजली की आधी खिडकीतून बघते आणि मगच कडी काढते, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

या आक्कानं घरात एक परीक्षा घातली होती. एखादं भिजवण हुकलं आणि पोहे आंबूस झाले, तर ते विकायचे नाहीत, ही दादांची शिस्त. ते म्हशीला जायचे. पण त्यातले थोडे आक्का एका डब्यात राखून ठेवायची. नवा व्यापारी आला, कामाला नवा माणूस ठेवायचा असला, कोणी भागीदारीचं बोलायला आला, पोरीला बघायला स्थळ आलं, की त्याच्यापुढे त्या पोह्यांचे दडपे पोहे जायचे. ओला नारळ, कांदा, मिरची, सगळं झकास. फक्त पोहे आंबूस. आपण सगळ्यांनी आपापल्या बशीतले चांगले पोहे खात बसायचं आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही. तो जर म्हणाला, “अहो, पोह्यांना वास मारतोय,” तर माणूस खरा. बशी न बोलता बाजूला सारली, तर पोटात ठेवणारा, सांभाळून राहा. आणि सगळे खाऊन वर छान आहेत म्हणाला, तर पक्का लबाड, त्याला उंबऱ्याबाहेर काढा. पेणात पोह्यांच्या भट्ट्या खूप होत्या, पण माणूस पोह्यांवर तपासणारं घर आमचंच असावं. आम्हाला त्याचा केवढा अभिमान होता!

शालूताई, माझी थोरली बहीण, तिला रोह्याचं स्थळ आलं तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक होऊन घरात बसले होते. मुलाचं नाव सदानंद. धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टला जायचा, कायम नोकरी, घरात तो आणि आई, बाकी कोणी नाही. तो आई आणि मामाला घेऊन आला. उंच, सावळा, शर्टाला कडक इस्त्री, आणि अत्तर असं चोपडलेलं की तो अंगणात होता तेव्हाच घरात कळलं. आक्का माझ्या कानात पुटपुटली, “एवढा वास लावणारा काहीतरी झाकतोय.” बायका आत बसल्या, पुरुष पडवीत. शालूताईनं बशा नेल्या. मामाला चांगले पोहे, दादांना चांगले, आणि सदानंदला डब्यातले. आपण काय नेतोय हे शालूताईला ठाऊक होतं. घरची रीत ती कशी मोडणार? मी दाराआडून बघत होते. त्यानं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. दादांच्या तोंडाकडे बघितलं, मामाच्या तोंडाकडे बघितलं, आणि शांतपणे सगळी बशी संपवली. आक्का पुढं झाली आणि गोड आवाजात म्हणाली, “आणखी देऊ?” तो म्हणाला, “थोडे चालतील. छान झालेत. लिंबू मस्त उतरलंय.”

आता त्या पोह्यांत लिंबू घातलंच नव्हतं. पाहुणे गेले आणि आक्कानं पदर खोचला. “ऐकलंस? नसलेलं लिंबू! तोंडावर खोटं बोलतो मेला, आणि ते पण आपणहून.” आई म्हणाली, “अहो वन्सं, लाजला असेल. पहिल्यांदा आलेला माणूस नाव कसं ठेवील?” “लाजणारा दुसऱ्यांदा मागत नाय,” आक्का म्हणाली. दादांना मुलगा आवडला होता, पण त्यांनाही ते लिंबू खटकलं होतं. “एक असेल,” ते म्हणाले, “पिणारा असेल. रोज पिऊन जीभ मेली की असं होतं.” “म्हणून तर अत्तर!” आक्का टाळी वाजवून म्हणाली. मलाही ते एकदम पटलं. शालूताई बशा विसळत होती. 

तरी नाही म्हणण्याआधी चौकशी करायची म्हणून दादा, आक्का आणि मी एसटीनं रोह्याला गेलो. मला कशाला नेलं? तर पोरीसमोर माणसं सावध राहत नाहीत, हा आक्काचा हिशेब. त्या दिवशी आम्ही रोह्यात केलेली चौकशी आठवली की आज हसू येतं. कुंडलिकेच्या पुलाकडच्या न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, मुलगा एकदम चांगला. किराणावाला म्हणाला, देवमाणूस. समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, असा पोरगा शोधून मिळायचा नाय. आक्का मला म्हणाली, “बघितलंस? सगळी एकच बोलतात. पढवून ठेवलीत.” मग तिनं एका पानवाल्याला गाठलं, सदानंद पान-तंबाखू नेतो काय म्हणून. तो म्हणाला, कधीच नाय. “म्हणजे दुसरीकडून नेतो,” आक्का म्हणाली. दारूच्या दुकानाकडे दादा एकटे जाऊन आले आणि तिथंही त्याला कोणी ओळखत नाही म्हणाले. आक्काला तर ते फारच गंभीर वाटलं. आता सांगा, त्या बिचाऱ्यानं सुटायचं तरी कसं? चांगलं म्हटलं तर शिकवलेलं, वाईट म्हटलं असतं तर खरं.

शेवटी न सांगता त्यांच्या घरी जाऊन उभे राहिलो. त्याची आई गडबडली, पण तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. सदानंद शेवटची रात्रपाळी करून आलेला, नुकता उठलेला; उद्यापासून सकाळपाळी, असं त्याची आई म्हणाली. पानं मांडली. वालाची आमटी, भात, तळलेली मांदेली. आणि तिथं आम्ही तिघांनीही एक गोष्ट बघितली. त्याच्या आईनं आम्हाला सरळ वाढलं, पण त्याच्या पानात वाढताना प्रत्येक गोष्ट आधी नाकाजवळ नेली. आमटीची वाटी हुंगली, मांदेली हुंगली, ताक हुंगलं, मग त्याला दिलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. परतीच्या एसटीत भिसे खिंड लागली. आक्का दादांना म्हणाली, “पोराच्या जेवणात कोणी काय घालील याचं भ्याव हाय त्या बाईला. करणी-बिरणीचं घर हाय ते. माझी पोर मी त्या घरात द्यायची नाय.” दादांनी मान हलवली. उत्तर म्हणजे आमच्या मांडीवर येऊन बसलेलं होतं हो! हुंगणाऱ्या घरातली तीन माणसं समोर बसून जेवली, आणि ती बाई का हुंगते हे तिला विचारावं असं एकाच्याही मनात आलं नाही.

त्याच संध्याकाळी दादांनी नकार कळवायचं ठरवलं. आईचे डोळे भरून आले. शालूताईची दोन स्थळं आधीच पोह्यांवर गेली होती आणि आळीत बोलायला लागले होते की यांना जावई नको, देव पायजे. शालूताई इतका वेळ म्हशीपाशी होती. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “त्याला विचारलंत?”

“कोणाला?” दादा म्हणाले.

“त्यालाच. पोहे आंबूस होते, छान का म्हणालास, असं.”

 “असं कोणी विचारतं काय गो?” आक्का म्हणाली. “विचारलं तर तो खरं सांगल?” शालूताई म्हणाली, “ते विचारल्यावर कळंल ना.” पण कोणी तिचं मनावर घेतलं नाही. एवढंच झालं की तिनं दादांकडून आठवडाभर थांबायचा शब्द घेतला.

दुसऱ्या दिवशी नागोठण्याला मावशीकडे जातो असं सांगून ती मला घेऊन निघाली. वडखळ गेलं, नागोठणे आलं, मी उठायला लागले तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.  रोह्याहून आम्ही धाटावला गेलो आणि दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी त्या कंपनीच्या गेटासमोर उभ्या राहिलो. डबे हातात घेऊन माणसं बाहेर पडत होती, सायकली, घंट्या, बसचे कंडक्टर ओरडतायत, आणि हवेत तो तिखट, गोडसर, घशात बसणारा वास. मी पदर नाकाला लावला. सगळी माणसं आमच्याकडे वळून बघत होती. लग्नाची पोर परक्या पुरुषाची वाट बघत गेटावर उभी, त्या काळी! सदानंद दिसला. आम्हाला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

शालूताईनं नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. रस्त्याकडेच्या झाडाखाली त्याला नेलं आणि म्हणाली, “त्या दिवशी तुमच्या बशीतले पोहे आंबूस होते. आम्ही मुद्दाम दिले होते. तुम्ही छान म्हणालात. का?”

 त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, “मला वास येत नाय.” मला वाटलं हा आता रडतो. पण तो नीट बोलला. प्लँटवर मागं एकदा कसलातरी गॅस सुटला होता, त्यात हा सापडला होता. डोळे बरे झाले, छाती बरी झाली, नाक गेलं ते गेलंच. आंबट, तिखट, खारट एवढं जिभेला कळतं, बाकी काही नाही. म्हणून आंबट लागलं ते त्याला लिंबू वाटलं. आई शिळंपाकं हुंगून देते. स्वतःच्या अंगाला कंपनीचा वास येत असेल, तो कळत नाही, म्हणून जरा जास्तच अत्तर लावतो. “आणि कामावर?” शालूताईनं विचारलं. तो खाली बघून म्हणाला, “कामावर कोणाला ठाव नाय. बाकीच्यांच्या तोंडाकडं बघतो. त्यांनी नाकं मुरडली की मी पण मुरडतो. तुमच्याकडं पण सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कोणाचंच तोंड हललं नाय.” मी मान खाली घातली. मग तो शालूताईला म्हणाला, “माझी चौकशी करायला माणसं येऊन गेली, ते कळलं मला. अख्ख्या रोह्याला विचारलं. मला विचारायला तुम्हीच आलात.”

शालूताईचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. “उद्या पुन्हा काय सुटलं आणि तुमच्या आजूबाजूला तोंड बघायला कोणी नसलं तर?”  “कंपनीत सांगा,” ती म्हणाली. “दुसरं काम मागा. सांगितलंत तर पेणला या. नाय सांगितलंत तर येऊ नका. मला लग्न करून वाट बघत बसायची नाय.” आणि माझा हात धरून ती एसटीकडे वळली. अख्ख्या वाटेत तिनं माझा हात इतका दाबून धरला होता की बांगडी रुतली.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. धाटावला गेलो होतो हे ऐकून आईनं कपाळावर हात मारला, दादा ओरडले, आणि मग नाकाचं ऐकून खाली बसले. आक्का मात्र लगेच सावरली. “म्हटलं नव्हतं, झाकतोय म्हणून? झाकतच होता.” हे खोटं नव्हतं. “आणि आता तो काय कामावर सांगणार नाय. कायम नोकरीवर कोण आपल्या हातानं पाणी सोडतंय? बघशील.”  रोज दुपारी शालूताई यंत्राजवळ बसायची, जिथून रस्ता दिसायचा. खरं सांगते, मलाही वाटत होतं तो येणार नाही.

तो आला, आणि आला तोही भर सकाळी, शिफ्टच्या वेळी. त्याला त्या वेळी रस्त्यावर बघूनच आम्हाला कळलं. पडवीत बसला. या खेपेला अत्तर नव्हतं. दादांना म्हणाला, “सांगितलं. साहेब म्हणाले, दुसरी जागा नाय. उद्यापासून येऊ नका.”  दादा पुन्हा नकारावर आले. त्यांचं काय चुकत होतं? मुलगा खरा निघाला, पण खरा निघाला म्हणूनच बेकार झाला. बिननोकरीच्या माणसाला मुलगी द्यायची नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. दादांनी आक्काकडे बघितलं, म्हणजे नकार तिनं द्यावा. आमच्याकडे नकार नेहमी तीच द्यायची.

आक्का म्हणाली, “दे पोरगी.”

“आक्का, डोकं ठिकाणावर हाय ना?” दादांचा आवाज चढला. “नोकरी नाय, नाक नाय. जन्मभर दुनियेवर संशय घेतलास आणि आज याच्यावर विश्वास ठेवतेस?”

“संशय घेतला म्हणून तर इथं बसलेय,” आक्का म्हणाली. सदानंद समोर बसलाय याची तिला शुद्ध नव्हती. “तुझ्या भावोजींचं मुंबईत दुसरं बिऱ्हाड हाय, असं मला चाळीतल्या बायकांनी सांगितलं. एकीनं नाय, सगळ्यांनी. मी बोचकं बांधलं आणि निघून आले. दोनदा न्यायला आले ते. मी आतनं कडी लावून घेतली.”

दादा हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे? नव्हतं बिऱ्हाड?”

“मला काय ठाव?” आक्का म्हणाली. “मी विचारलं कुठं?”

यंत्र चालूच होतं. दादा उठले, त्यांनी ते बंद केलं, आणि आतल्या दाराकडे तोंड करून शालूताईला हाक मारली. ती येऊन उभी राहिली. सदानंदनं मान वर केली नाही. दादांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “शालू, तुला पसंत हाय काय हा?”

तोपर्यंत तिला हे कोणीच विचारलं नव्हतं.

“व्हय,” ती म्हणाली.